हाउएव्हरनंतरची ओळ

‘हाउएव्हर’ एवढं लिहून झालं, त्याच्यापुढे स्वल्पविरामही पडला, आणि हेस्टर ब्रॅमलीचं पेन थांबलं. वरच्या पाच ओळी कशा सरळ उतरल्या होत्या. विल्फ्रेड ऍक्रॉइड, सुतार, वय एकोणऐंशी. युद्धाच्या काळात बंदूक धरायला नकार देऊन जंगलात लाकडं तोडायला गेला. तीस वर्षं दर बुधवारी तुरुंगात जाऊन, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही अशा कैद्यांना भेटत राहिला. या खोलीतलं एकही बाक असं नाही की ज्याच्या पायाला त्याचा हात लागलेला नाही. हे सगळं खरं होतं, आणि समोर बसलेल्या तेवीस जणांनी ते मघाशी एकेक करून उठून सांगितलं होतं. आता ती तेवीस माणसं गप्प बसून, तिच्या पेनाकडे न पाहिल्यासारखं करत पाहत होती. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांची ही रीतच आहे. सभेची नोंद मागाहून घरी बसून लिहायची नाही. चिटणिसानं तिथल्या तिथे, सगळ्यांच्या समोर लिहायची, मोठ्यानं वाचायची, आणि विचारायचं, मित्रहो, ही नोंद मान्य आहे का. त्यावर लोक म्हणतात, आशा आहे. ‘हो’ म्हणत नाहीत, हात वर करत नाहीत, नुसतं ‘आशा आहे’. एकाच्या जरी मनाला टोचलं तरी त्यानं बोलायचं, मग नोंद तिथंच अडून बसते. आणि चिटणीस लिहीत असेल तोवर बाकीच्यांनी गप्प राहायचं. गप्प राहण्यात या मंडळींचा हात कुणी धरणार नाही. लीड्सच्या उत्तरेकडच्या त्या रस्त्यावरून बस गेली की काचा थरथरायच्या, पलीकडच्या स्वयंपाकघरात चहाचं भांडं गुणगुणत होतं, आणि ऑक्टोबरचं पातळ ऊन टेबलावरच्या कागदावर नेमकं त्या एका शब्दापर्यंत येऊन थांबलं होतं.

तसं पाहिलं तर पुढची ओळ तिच्याजवळ तीन आठवडे तयार होती. मेलेल्या माणसावर नुसती फुलं उधळायची नाहीत, होता तसा तो कागदावर उतरवायचा, हीही यांचीच रीत. तेव्हा स्मरणनोंदीत हाउएव्हर येणारच, त्यात कुणाला खटकण्यासारखं काही नव्हतं. ‘हाउएव्हर, ज्यांचा विवेक त्यांना वेगळ्या वाटेने घेऊन गेला, त्यांना परत जवळ करताना त्याचा हात आखडत असे.’ ही ती ओळ. भांडी घासताना, बसची वाट पाहताना, मांजराला दूध घालताना हेस्टरनं ती तोंडात घोळवली होती. नाव कुणाचं नाही, पण जुन्या लोकांना बरोबर कळलं असतं की हे तिच्या भावाबद्दल आहे, एड्विनबद्दल. एक्केचाळीस वर्षं ती या ओळीसाठी थांबली होती असं म्हणायलाही हरकत नाही. गुरुवारी दुपारी मात्र त्या ओळीतली सगळी हवा गेली. आता तीच ओळ लिहिली तर धडधडीत खोटं होईल, आणि खरी लिहायची तर आपल्या हातानं आपलंच नाव लिहावं लागेल. लिहिलं नाही तर कधीही, कुणालाही कळणार नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त छळत होतं.

हाउएव्हरला मराठीत तथापि म्हणता येईल, पण तथापि कुणाच्या घरात जेवायला बसत नाही. ब्रॅमलींच्या घरात हाउएव्हर दर रविवारी दुपारी जेवायला असायचं. हेस्टरचे वडील ऍम्ब्रोज मुलांच्या शाळेत मास्तर होते आणि आठवड्याचा आढावा ते भाजलेल्या मटणाबरोबर घेत. हेस्टरनं या आठवड्यात आईला चांगली मदत केली, असं म्हणायचे. मग म्हणायचे, हाउएव्हर. आणि मग ताटातला एक बटाटा सुरीनं सावकाश कापायचे. तो बटाटा कापून होईपर्यंतचा वेळ म्हणजे हेस्टरचं बालपण, असं तिला पुढं कधी कधी वाटायचं. आधीचं वाक्य तिच्या कानात शिरायचंच नाही. कौतुक चालू असताना ती पाठ ताठ करून बसायची. एड्विन तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्यावर पाळी आली की तो ओठ न हलवता पुटपुटायचा, आलं बघ, आणि टेबलाखाली तिच्या पायावर पाय द्यायचा. वडिलांच्या माघारी तो त्यांना हाउएव्हरबुवा म्हणायचा. पण वडील नुसते छळवादी नव्हते, हेही कबूल केलं पाहिजे. शब्द कसा वापरायचा याचा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी हेस्टरला पाटी पुसून पुसून शिकवला होता. हाउएव्हरच्या मागं असेल तेही खरं पाहिजे आणि पुढं असेल तेही खरं पाहिजे, दोन्हींचं वजन सारखं पाहिजे. मागचं नुसतं तोंडदेखलं असेल तर तो शब्द चुकीचा वापरला. आणि एकदा हाउएव्हर म्हटलं की पुढं लडबड नको. वळणं नकोत, शेपट्या नकोत. काय ते एका दमात सांगून मोकळं व्हायचं. पुढं मुलींच्या एका शाळेच्या कचेरीत छत्तीस वर्षं तिनं प्रगतिपुस्तकं टंकली. गाण्यात गती आहे, हाउएव्हर. स्वभावानं गोड आहे, हाउएव्हर. व्हरांड्यात उभ्या उभ्या आया ते कागद उघडायच्या आणि त्यांची नजर पहिल्या ओळीवरून घसरून थेट त्या शब्दावर जायची. हेस्टरला वाटायचं, सगळा देश आपल्याच घरच्या टेबलाशी जेवायला बसला आहे.

एड्विन चाळीस साली सैन्यात गेला. क्वेकराच्या घरातला पोरगा तोफखान्यात जातो म्हणजे काय, हे त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. वडील ओरडले नाहीत, त्यांना ओरडता येत नव्हतं. त्यांनी रविवारचा आढावा बंद केला. मग हळूहळू बाकीचंही बोलणं बंद झालं. दोन वर्षांत आई गेली. सोळा वर्षांच्या हेस्टरला यॉर्कच्या निवासी शाळेत जागा मिळाली होती. ती तिनं सोडली, कारण वडिलांना अंडं उकडायचंही ठाऊक नव्हतं, आणि एका गप्प माणसासमोर बसून ती चार वर्षं जेवली. हाउएव्हर ऐकायला मिळावं म्हणून तिचे कान आसुसले होते, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. सेहेचाळीसच्या सप्टेंबरात एड्विन परत आला. लांबचलांब, करपलेला, उभ्या उभ्या घाईनं खाणारा. त्या संध्याकाळी वडिलांनी कपाटाच्या मागून पीचचा एक डबा काढला. युद्ध सुरू व्हायच्या आधीपासून तो डबा तिथं होता, हेस्टर त्याच्यावरची धूळ दर शनिवारी पुसत होती, आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की तो कुणासाठी ठेवला आहे. वडिलांनी तो स्वतः उघडला, अर्धे पीच एड्विनच्या ताटात घातले आणि त्याच्याशी बोलले. तिला फार आनंद झाला. खरंच झाला. त्या आनंदाच्या तळाशी आणखी एक काही होतं, त्याच्याकडे तिनं तेव्हा पाहिलं नाही.

नोव्हेंबरात एड्विननं सभेला विचारलं की रविवारचा लहान मुलांचा वर्ग मी घेऊ का. मुलांशी त्याचं फार छान जमायचं, हेस्टरला सायकल त्यानंच शिकवली होती. काही आया अस्वस्थ झाल्या. सहा वर्षं तोफा डागून आलेला माणूस, त्याच्यापुढं आपली लेकरं कशी बसवायची, असं कुणी म्हणालं नाही, पण खोलीत ते होतं. ज्याच्याबद्दल बोलायचं असतं त्यानं बाहेर जायची पद्धत आहे, तसा एड्विन बाहेर जाऊन पायरीवर बसला. तेव्हा चिटणीस विल्फ्रेड होता, अडतीस वर्षांचा, नखांत लाकडाचा भुसा असलेला. शेजारी सहचिटणीस म्हणून वीस वर्षांची हेस्टर. विल्फ्रेडनं लिहिलं, वाचलं, विचारलं, लोक म्हणाले, आशा आहे, हेस्टरही म्हणाली. सोमवारी संध्याकाळी घरच्या टेबलाशी बसून तिनं विल्फ्रेडच्या कच्च्या कागदावरून नोंदवहीत स्वच्छ प्रत केली, एड्विनच्या नावे पत्राची आणखी एक प्रत केली, आणि एकाच घरात राहत असूनही रीतसर तिकीट लावून ते पत्र पेटीत टाकलं. मंगळवारी ते घरी आलं. एड्विननं टोस्ट खाता खाता, उभ्यानंच वाचलं. ‘एड्विन ब्रॅमली परत आला याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मुलांचा वर्ग घेण्याची त्याची तयारी आम्ही कृतज्ञतेने ऐकली. हाउएव्हर, हा वर्ग त्याच्याकडे सोपवणे आम्हाला योग्य वाटत नाही.’ त्यानं कागदाची चौकोनी घडी घातली आणि म्हणाला, ‘अक्षर छान आहे तुझं, हेस्टर.’ एवढंच. जानेवारीत तो कॅनडाला गेला. तेव्हापासून दर नाताळला कार्ड येतं, त्यात त्याची सही असते आणि दुसरं काही नसतं. तो गेला त्या दिवशी वडील म्हणाले होते, त्याला थांबणं कधी जमलंच नाही. हेस्टरला प्रश्न पडला होता, कशासाठी थांबायचं? पण वडिलांना असल्या गोष्टी विचारायची सवय त्या घरात नव्हती.

तेव्हापासून विल्फ्रेड ऍक्रॉइड हा तिच्या मनात एक कप्पा झाला. ती त्याच्याशी सभ्यपणे वागायची. सभ्यपणा काय, तो या लोकांना पाळण्यातच मिळतो. त्यानं तिच्या घराचं अडकणारं दार रंधून दिलं, वडील गेले तेव्हा त्यांची शवपेटी त्यानंच बनवली आणि अशी बनवली की हात लावून बघावा. ती आभार मानायची आणि मनात म्हणायची, हाउएव्हर. एकदा, एकावन्न सालच्या उन्हाळ्यात, सभा संपल्यावर कोटाच्या खुंट्यांपाशी तो तिच्याजवळ आला. टोपी हातात गोल गोल फिरवत म्हणाला, ‘हेस्टर, एड्विनचा पत्ता देतेस का? दोन ओळी लिहीन म्हणतो.’ ती म्हणाली, ‘तू त्याला लिहायचं ते लिहून झालंय, विल्फ्रेड.’ त्यानं तिच्याकडे पाहिलं. काही तरी तोंडाशी आणलं आणि परत गिळलं. ‘बरं,’ म्हणाला, ‘तेही खरंच.’ या उत्तराचा तिला कितीतरी वर्षं अभिमान होता. रात्री झोप आली नाही की ती ते वाक्य काढून बघायची आणि परत जागेवर ठेवून द्यायची. अन्याय झालेल्या माणसाची बहीण, हीच काय ती तिची आयुष्यातली कमाई होती, आणि ती तिनं जपली.

गेल्या महिन्यात विल्फ्रेडनं तिला बोलावून घेतलं. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग आणून ठेवला होता, रस्ता दिसावा म्हणून. हात पांघरुणावर सुकलेल्या लाकडासारखे. त्याची बायको कॉन्स्टन्स चहा ठेवून आत गेली. तो म्हणाला, ‘माझी नोंद तूच लिहिणार. गोड गोड लिहू नकोस. हाउएव्हर घाल.’ हेस्टर म्हणाली, बघू. तो हसला, दम लागला, मग पुन्हा म्हणाला, ‘घाल म्हणतोय ना. तुझ्या वडिलांच्या पद्धतीनं.’ कबूल केलं, असं तिला बसमध्ये बसल्यावर वाटलं. अखेर एड्विनचं कबूल केलं या माणसानं. तिथंच, दुसऱ्या थांब्याच्या आत, तिनं ती ओळ जुळवली.

आणि मग गेला गुरुवार. कॉन्स्टन्सनं सभेचं जे काही घरात पडून होतं ते बिस्किटांच्या डब्यात घालून आणून दिलं. रविवारच्या आत उघड गं, म्हणाली. डब्यात किल्ल्या होत्या, बाकांची मापं होती, आणि सगळ्यात वर चार घड्यांचा एक पिवळा कागद होता. विल्फ्रेडचं जाड सुतारी अक्षर. परत आला याचा मनापासून आनंद आहे. तयारी कृतज्ञतेने ऐकली. हाउएव्हर, वसंतापर्यंत तरी, हा वर्ग त्याच्याकडे सोपवणे आम्हाला योग्य वाटत नाही. वसंतापर्यंत तरी. हेस्टर ते दोन शब्द वाचत राहिली. मग उठून कपाटातून जुनी नोंदवही काढली, सेहेचाळीसचं पान उघडलं. तिथं तिचं गोलसर, शाळकरी अक्षर होतं, हाउएव्हरचा पहिला वळणदार एच वडिलांनी शिकवलेला, आणि ते दोन शब्द नव्हते. कच्च्या कागदाच्या समासात विल्फ्रेडनंच पेन्सिलीनं, नंतर कधीतरी लिहिलेलं होतं: ‘प्रतीत गळलं. पत्र गेल्यावर पाहिलं. मी सही केली.’ म्हणजे सभेतल्या सगळ्यांनी वसंतापर्यंत असंच ऐकलं होतं. वडिलांनीही. म्हणून ते म्हणाले होते की त्याला थांबणं जमलं नाही. सगळ्यांच्या लेखी एड्विन हा चार महिने दम धरता न आलेला माणूस होता, आणि एड्विनच्या लेखी सभेनं दार लावून घेतलं होतं. आणि तिच्या लेखी, तिच्या लेखी तर सगळं विल्फ्रेडनं केलं होतं. स्वतः ऐकलेले ते दोन शब्द तिच्या डोक्यातूनही कसे पुसले गेले, हे तिला कळेना. बहुधा आपण वहीत जे लिहिलं तेच पुढं आपल्याला आठवत राहिलं.

तीन दिवस ती त्या सोमवारच्या संध्याकाळी जाऊन बसत होती. टेबल, शाईची दौत, वडील दुसऱ्या खोलीत. वरच्या मजल्यावर एड्विन न्हाणीघरात शीळ घालत होता आणि आठवड्याचं सगळं गरम पाणी एकट्यानं संपवत होता, हे पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी तिनं गार पाण्यानं डोकं धुतलं. हाउएव्हर लिहिलं, स्वल्पविराम दिला. आणि मग? नियम आठवला का, की पुढं शेपट्या नकोत, एका दमात सांगायचं? वसंतापर्यंत तरी ही शेपटी वाटली का? की नजर चुकली, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली, सगळ्यांची जाते तशी? की ती शीळ ऐकता ऐकता तिच्यातल्या कुणीतरी पीचच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हटलं, यानं जायचंही आणि यायचंही, आणि आल्यावर वर्गही यालाच? ती कितीही खोल वाकून पाहत होती तरी खाली फक्त पेन धरलेला हात दिसत होता. तो तिचा होता यापलीकडे काही सांगता येत नव्हतं. नजरचूक म्हणावं तर मन मानत नव्हतं, डाव म्हणावं तर पुरावा नव्हता. आणि विल्फ्रेड? त्यानं सही करताना पाहिलं. पत्र गेलं होतं, पण एड्विन अजून इथंच होता, वडिलांच्या घरात, गरम पाणी संपवत. विल्फ्रेडला नुसतं उठून सांगायचं होतं की प्रतीत चूक झाली आहे. मग सगळ्यांनी प्रत करणाऱ्या मुलीकडे पाहिलं असतं, तिच्या बापानं पाहिलं असतं. त्या मुलीला सांभाळण्यासाठी त्यानं तिच्या भावाला जाऊ दिलं. एक्केचाळीस वर्षं तिचा थंडपणा सोसला आणि कागद जपून ठेवला. हेस्टरला त्याचा राग आला, फार राग आला, अगदी परवा दुपारी. तुला कुणी सांगितलं होतं मला सांभाळायला, असं ती मोकळ्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाली. मग ती रडली. आपण विल्फ्रेडसाठी रडतो आहोत हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

पुन्हा एक बस गेली, काचा वाजल्या. कुणीतरी खोकलं. ऊन शब्दाच्या पलीकडे, कागदाच्या कोऱ्या भागावर सरकलं होतं. हेस्टरनं मान वर केली नाही. मघापासून किती वेळ गेला असेल? दहा मिनिटं? या खोलीत दहा मिनिटं म्हणजे काही नाही. तिला वाटलं, हा शब्द आपण आयुष्यभर चुकीचा वापरला. विल्फ्रेडबद्दल मनात हाउएव्हर म्हणताना त्याच्या मागचं सगळं आपण तोंडदेखलं मानलं, ती पेटी, ते दार, ते बुधवार. मागचंही खरं पाहिजे, असं वडील म्हणायचे. मग तिनं पेन टेकवलं आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर नेहमीसारखं गोल येत होतं. चार वाक्यं झाली. तिनं कागद उचलला आणि वरपासून वाचू लागली, सुतार, जंगल, तुरुंग, बाकं. आणि हाउएव्हरशी आल्यावर तिचा आवाज इतका खाली गेला की मागच्या बाकावरून कॉन्स्टन्स म्हणाली, ‘मोठ्यानं वाच, पोरी. कानात यंत्र आहे, पण ते माझ्याहून म्हातारं आहे.’ दोघेतिघे हसले. एकसष्ट वर्षांची पोरगी उभी राहिली आणि पुन्हा वाचू लागली.

‘हाउएव्हर, १९४६च्या नोव्हेंबरात या सभेने एड्विन ब्रॅमलीला वसंतापर्यंत थांबण्यास सांगायचे ठरवले. प्रत करताना हेस्टर ब्रॅमलीने वसंताचा उल्लेख गाळला. विल्फ्रेडच्या ते लक्षात आले; तिला सांभाळण्यासाठी त्याने सही केली आणि गप्प राहिला. एड्विनला हे आजवर कुणीही सांगितलेले नाही.’

मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, मित्रहो, ही नोंद मान्य आहे का. हे गप्प राहणं मघासारखं नव्हतं. ज्यांना सेहेचाळीस साल आठवत होतं असे चौघेच उरले होते, आणि त्यांतल्या एकीनं डोळे मिटून घेतले. सभेचा खजिनदार क्लिफर्ड उभा राहिला. निवृत्त माणूस, मनानं चांगला, चष्म्याची दोरी गळ्यात. तो म्हणाला, ‘हेस्टर, तुझ्या धीराचं मला कौतुक वाटतं. पण हे विल्फ्रेडबद्दल आहे की तुझ्याबद्दल? ही चार वाक्यं वहीत आणलीच पाहिजेत असं मला वाटत नाही. माणूस गेला. वरचं आहे तेवढं पुरेसं आहे.’ खोलीत काही माना हलल्या. सुटायची वाट अशी समोर आली, तीही दुसऱ्या कुणीतरी उघडून दिलेली. हेस्टरला तिचा मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘एकदा गाळून पाहिलंय, क्लिफर्ड.’

तो खाली बसला. मग कॉन्स्टन्स बाकाच्या पाठीला धरून उठली. ती उठायला वेळ लागला आणि कुणी मदतीला गेलं नाही, कारण तिला ते आवडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ‘तो कागद मीच वर ठेवला होता,’ ती म्हणाली. ‘तो म्हणायचा, खाली असू दे, सापडला तर सापडला. त्याचं हे असंच. खुर्ची दुरुस्त करायची ती मालकाला न कळता.’ मग ती हेस्टरकडे वळली. ‘मला ही नोंद मान्य नाही.’ हेस्टरनं कागद टेबलावर ठेवला. ‘एड्विन कुठं असतो गं आता?’

‘सॅस्कटूनला,’ हेस्टर म्हणाली.

‘मग हे त्याला कोण सांगणार? कपाटात ठेवून काय उपयोग? प्रत त्याला जाणार असेल तर मान्य आहे. नाही तर मी इथं अशीच उभी राहीन, आणि मला उभं राहवत नाही.’

हेस्टरनं बसून एक ओळ आणखी लिहिली, प्रत एड्विन ब्रॅमली, कॅनडा. तेही वाचून दाखवलं. पुन्हा विचारलं. ‘आशा आहे,’ कॉन्स्टन्स म्हणाली आणि बसली. मग खोलीभर इकडून तिकडून, जाड बारीक आवाजांत ते दोन शब्द उठले, आशा आहे, आशा आहे. क्लिफर्डचे जरा मागून आले. चिटणिसानं स्वतः काही म्हणायचं नसतं, म्हणून हेस्टर काही म्हणाली नाही.

दुपारी घरी आल्यावर तिनं कोट न काढताच टेबल पुसलं. सभेचं जेवण सगळ्यांबरोबर घ्यायचं असतं, चीज-कांदा भरलेल्या पेस्ट्रीचा तुकडा तिच्या बशीत कुणीतरी घातलाही होता, पण तिला तो गिळवला नाही. नोंदवहीत प्रत केली. मग दुसऱ्या कागदावर पत्राची. कच्चा कागद डाव्या हाताला ठेवून, एकेका शब्दाखाली बोट धरून तिनं दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून मागे, टंकलेखनाच्या वर्गात शिकवतात तसं. काही गळलं नव्हतं. एड्विन सदुसष्ट वर्षांचा आहे. तो हे उभ्यानं वाचेल की बसून, वाचून घडी घालून ठेवील की फाडील, की पुढच्या नाताळला कार्डही येणार नाही, यातलं तिला काही माहीत नव्हतं, आणि त्याच्या अक्षराची एक ओळ मिळावी म्हणून ती काय वाटेल ते द्यायला तयार होती, शिवी असली तरी. पाकीट समोर घेतलं. पत्त्यांची वही वरच्या खणात होती, ती तिनं काढली नाही. एक्केचाळीस वर्षांत त्या पत्त्यावर तिनं दर नाताळला सही केलेलं एक कार्ड पाठवलं होतं, आणि सही सोडून त्यात काही लिहिलं नव्हतं. पत्ता तिला पाठ होता.